शनिवार-रविवारचा बँड, मालक म्हणतो पाचऐवजी दोघंच या. काय करावं?

कीबोर्डवाला_सोलापूर:

मंडळी जरा लांबलचक लिहितोय, वैतागलोय म्हणून. आठवडाभर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो, शनिवारी पाचला सुटलो की घरी जाऊन आंघोळ, कीबोर्ड गाडीवर आडवा बांधायचा आणि होटगी रोडकडं. तिथं एक गार्डन रेस्टॉरंट आहे, परमिट रूमवालं, नाव घेत नाही. शनिवार-रविवार साडेसात ते अकरा आम्ही वाजवतो. मी कीबोर्ड, एक गिटार, एक ऑक्टोपॅड, एक गायक, एक गायिका. साउंड हॉटेलचाच, दोन मोठे टॉप म्हणजे स्पीकर आणि एक मिक्सर ज्याचे अर्धे चॅनल खरखर करतात.

नाईटचे आठ हजार मिळतात. पेट्रोल-चहा जाऊन माणशी दीड हजाराच्या आसपास. आणि अकरानंतर जेवण, म्हणजे किचन बंद करताना जे उरलं असेल ते.

आता परवा मालकाचा फोन. म्हणे गर्दी कमी झालीय, काही गिऱ्हाईकं आवाजाची तक्रार करायलेत, तर तुम्ही दोघंच या, तू आणि एक सिंगर, कीबोर्डला पेनड्राइव्ह लावून ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या म्युझिकवर करा, चार हजार देतो. वर ऐकवलं की एक कराओकेवाला पोरगा दीड हजारात यायला तयार आहे, तरी मी तुमच्याकडं बघून चार बोलतोय. उपकारच की.

आता गंमत बघा. हिशोबाने बघितलं तर माझं नुकसान काहीच नाही, उलट चारशे-पाचशे जास्तच सुटतात. पण ऑक्टोपॅडवाला माझा कॉलेजच्या गॅदरिंगपासूनचा दोस्त आहे आणि गिटारवाल्याने याच पैशाच्या भरवशावर गिटारचा हप्ता लावलाय. त्यांना अजून सांगितलं नाही.

दुसरं म्हणजे फर्माईशी. आपल्या सोलापूरचं पब्लिक तुम्हाला माहितीये. पूर्व भागातलं टेबल असलं की तेलुगू पाहिजे, इंडी-विजापूरकडचे आले की कन्नड, त्यांच्या शेजारच्या टेबलावर काकांना किशोरच पाहिजे आणि पोरांच्या टेबलाला काल रीलमध्ये ऐकलेलं. वेटर बिलाच्या मागं लिहिलेल्या चिठ्ठ्या आणून कीबोर्डवर ठेवतो, एका वेळी चार-चार, त्यात एक तर वाचताच येत नाही आणि ज्याची वाचता येत नाही तोच सगळ्यात जास्त प्यालेला असतो. तेलुगू-कन्नड मिळून आमच्याकडं मोजकी गाणी बसलेली आहेत, त्यावर किती रेटणार.

तर विचारायचं असं की मालकाशी बोलायचं कसं? ट्रॅकवर वाजवणं खरंच एवढं वाईट आहे का? आणि अशा जागा सोडून लग्नाच्या सुपाऱ्यांच्याच मागं लागावं का?


जुना_वाद्यवृंदवाला:

मालक, आधी एक विचारतो, तुमच्या मालकाने गर्दी कधीपासून कमी झाली हे सांगितलं का? श्रावण चालू आहे ना बाबा. श्रावणात परमिट रूममध्ये कोण येणार, निम्मं गाव सोडून बसलंय. आमच्या धंद्याचं कॅलेंडर वेगळंच असतं, ते पाठ पाहिजे. गटारीला पाय ठेवायला जागा नसते आणि तिथून पुढं श्रावण थंड, गणपतीत लोक मंडळात आणि लेझीममध्ये, मग पितृपक्ष, मग नवरात्र, कोजागिरीला तर अर्धं सोलापूर तुळजापूरला चालत निघालेलं असतं, त्या रात्री गार्डनमध्ये तुम्ही आणि डास. खरा सीझन दिवाळीनंतर. तुळशीचं लग्न झालं की सुपाऱ्या सुरू, मग ३१ डिसेंबर, मग जानेवारीत सिद्धेश्वरची गड्डा यात्रा, गाव सगळं रस्त्यावर.

म्हणजे तुमचा मालक थंडीतल्या आइस्क्रीमचा रेट लावून वर्षभराचं बोलायलाय. तुम्ही पण वर्षाचंच बोला. त्याला म्हणावं श्रावण ते नवरात्र आम्ही कमी पैशात वाजवतो, सहा घे, पण पाची जण येणार, आणि ३१ डिसेंबरची नाईट आमचीच, त्या दिवसाचा रेट आत्ताच लिहून दे आणि विसार दिवाळीत दे. ३१ ला पुण्याचे बँड पण सोलापुरात येत नाहीत कारण त्यांना तिथंच दुप्पट मिळतात, त्या दिवशी तुमची किंमत त्याला बरोबर कळते. तोंडी काही ठेवू नका, वहीच्या कागदावर का होईना सही घ्या. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून त्याचा ओके घेतला तरी चालतंय.

लग्नाच्या सुपाऱ्यांचं म्हणाल तर पैसा तिथं आहे, पण तिथं गाणं कुणी ऐकत नाही, पंगत ऐकते. शिवाय एका मुहूर्ताला सगळ्या गावाची लग्नं आणि मग तीन आठवडे कोरडे. महिन्याला फिक्स आठ नाईट म्हणजे घरातलं किराणा-दूध आहे, असं सोडू नका. मी माझ्या तरुणपणी बँजो पार्टीपासून ते हुतात्मा स्मृती मंदिरात मोठ्या वाद्यवृंदात, तीन ट्रम्पेट दोन सॅक्सोफोन असं सगळं वाजवलंय, पण घर चाललं ते एका लॉजच्या खालच्या हॉटेलात दर शनिवारी मेंडोलिन वाजवून. स्टेजवरचे फोटो भिंतीवर आहेत, हॉटेलचा एक पण नाही.

आणि दोस्तांना आधी सांगा. मालकाला होय-नाही म्हणायच्या आधी. बाहेरून कळलं की संपलं.


साउंडवाला_बापू:

वर सगळे पैशाचं बोलायलेत, मला आधी हे सांगा साडेसात ते अकरा आणि ते पण गार्डनमध्ये??? दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही हो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ बंद. बंदिस्त हॉल असेल तर आतल्या आत चालतं, गार्डन म्हणजे बंदिस्त नाही, वरून शेडनेट लावलं म्हणून हॉल होत नाही. वर्षातले ठरावीक १५ दिवस बारापर्यंत सूट मिळते ती सरकार जाहीर करतं, गणपती-नवरात्राचे असतात त्यात, दर शनिवार नसतो. आणि दिवसा पण मर्यादा आहे, रहिवासी भागात ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५, खाजगी जागेच्या कंपाउंडवर त्याच्या वर फार तर ५. पोलीस आले की तुमचा मिक्सर आणि तुमचा कीबोर्ड उचलतात, मालकाचं फ्रीज नाही. म्हणून बाबा सात ते दहा करून घे, अर्ध्या तासाचं मानधन कमी करू देऊ नकोस.

आवाजाची तक्रार येते त्याचं कारण मी न येता सांगतो. दोन मोठे टॉप स्टेजच्या दोन बाजूला, बरोबर ना? म्हणजे पुढच्या टेबलाला कानठळ्या आणि मागच्या टेबलाला ऐकू येत नाही म्हणून तो वेटरकडून सांगतो वाढवा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, हे फिजिक्स आहे, त्यात मालकाचं काही चालत नाही. उपाय असा की छोटे चार स्पीकर चार कोपऱ्यात, आतल्या बाजूला तोंड करून, आणि आवाज बोलण्याच्या जरा वर. माणूस समोर बसून बोलतो तो ६० च्या आसपास असतो. नवरा-बायकोला ओरडून बोलावं लागलं की ते स्वीट डिश मागवत नाहीत, बिल मागवतात.

शिट्टी येत असेल तर गायकाला सांगा माइकची जाळी मुठीत धरू नकोस, हीरो दिसतो पण फीडबॅक तिथूनच येतो. साधा कार्डिऑइड माइक पाठीमागून कमी ऐकतो म्हणून मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवतात तो स्पीकर, बरोबर माइकच्या पाठीकडं ठेवायचा, गायकाच्या बाजूला नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लाईट. गार्डनवाले जनरेटरवर जातात तेव्हा काय होतं? न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी ४०० च्या जवळ येऊ शकतं, कीबोर्डचा ॲडाप्टर पहिला जातो, मग ऑक्टोपॅडचा. स्वतःचा मीटर ठेव, बोर्डात घालून बघितल्याशिवाय एक पिन लावायची नाही. सगळ्यांची लाईन एकाच बोर्डवरून घे, गिटारचा अँप एका बोर्डवर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डवर असला की घुंऽऽऽ चालूच राहणार आणि सगळे गिटारवाल्याला शिव्या देणार, बिचाऱ्याची चूक नसते.

कान पण सांभाळा रे पोरांनो. ८५ डेसिबलला आठ तास ठीक, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. ऑक्टोपॅडवाल्याचा मॉनिटर १०० च्या खाली मी कधी बघितला नाही. रात्री झोपताना कानात कुई वाजते ती टाळ्यांची नसते.


ट्रॅकवर_गातो:

मीच तो दीड हजारवाला समजा 😄 म्हणजे तुमच्या हॉटेलचा नाही पण तसाच. एक सांगू का, राग मानू नका, बँडवाले आमच्याकडं बघतात तसं बघण्यासारखं आमचं काही नाहीये. फर्माईशीचं तुम्ही लिहिलं ना, तिथंच आम्ही जिंकतो. तेलुगूची चिठ्ठी आली, मोबाईलवर ट्रॅक काढला, लिरिक्स देवनागरीत सेव्ह करून ठेवलेत, दोन मिनिटांत गाणं चालू. तुम्हाला तेच बसवायला रविवारची दुपार, पाच जणांची सवड आणि कुणाच्यातरी घरची गच्ची लागते. माझी आई तेलुगू बोलते म्हणून उच्चार पण बरे येतात, टेबल खूश, एसपी बालसुब्रमण्यम यांची तर तिन्ही भाषांत आहेत, एकच आवाज घोटला की तीन टेबलं सांभाळली जातात.

वाईट काय ते पण सांगतो. ट्रॅकची पट्टी मूळ गाण्याची असते, ॲपवर खाली-वर करता येते पण दोन-तीन सुरांच्या पुढं गेलं की ढोलक बादलीसारखा वाजतो. लोक नाचायला लागले आणि त्यांना अंतरा परत पाहिजे झाला तर ट्रॅक थांबत नाही, तो आपला संपतो. टेबलावर वाढदिवसाचा केक आला की बँड पट्टकन तिकडं वळतो, मी स्क्रोल करत बसतो. आणि नेट गेलं की मी फक्त शर्ट घातलेला माणूस.

तुम्ही ट्रॅकवर गेलात तर मालक सहा महिन्यांनी दुसरा फोन करणार, की दोघं कशाला, एकच या. माझ्याबरोबर हेच झालंय, पहिल्यांदा मी आणि एक गायिका जायचो.


शनिवारची_गायिका:

वरच्या दादांनी सगळं छान लिहिलंय पण "एक सिंगर" म्हणजे कोण हे कुणी विचारलं नाही. दोघं म्हटलं की पहिली आम्हीच कमी होतो, किंवा उलट, मालकाला फक्त आम्हीच पाहिजे असतो आणि त्याची कारणं संगीताची नसतात. दोन्ही अनुभव आहेत.

तुमच्या बँडमधल्या ताईंचं घरी जाणं कोण बघतं? मी विजापूर रोडला राहते, सासरचे गाण्याला नाही म्हणत नाहीत पण रात्री साडेअकराला रिक्षातून एकटी उतरले तर शेजारी म्हणतात. माझा नियम साधा आहे, ने-आण मानधनात धरायची, सोडायला बँडमधलाच माणूस, हॉटेलचा नाही. पैसे शेवटचं गाणं व्हायच्या आधी, कारण नंतर मालक "उद्या घ्या" म्हणतो आणि उद्या तो सापडत नाही.

अजून एक, कुणी नोटा घेऊन स्टेजवर यायला लागला तर कीबोर्डवाल्याने गाणं तिथंच थांबवायचं, मी नाही थांबवायचं. टीप द्यायचीय तर बिलात द्या, वेटरच्या हाती द्या. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय, टीप चालेल, नोटा उधळणं नाही. ते डान्स बारच्या केसमध्ये होतं आणि तुमचं गार्डन फॅमिली आहे हे मला कळतं, पण दहा वाजून गेले की फॅमिली घरी जाते आणि मागं उरतात ते कोण असतात हे स्टेजवरून मला दिसतं. २०२२ मध्ये कोर्टाने ऑर्केस्ट्रा बारमधली स्त्रिया किती पुरुष किती ही अट पण काढली, आमच्या इथल्या एका मॅनेजरला हे मीच सांगितलं, तो मला म्हणत होता लायसन्समध्ये तुझं बसत नाही.

लायसन्सवरून, पोलिसांची कार्यक्रमाची परवानगी आणि गाण्यांच्या हक्काचं आयपीआरएस हे हॉटेलने काढायचं असतं. एकदा मालकाला सहज विचारून बघा. घसा खाकरतो का ते बघा.


कॅप्टन_ऑर्डरघ्या:

मी हॉटेललाईनचा माणूस आहे, बँडवाल्यांच्या विरोधातला नाही पण तुम्हाला तुमचा प्रॉब्लेम दिसत नाही तो सांगतो. तुमचा ब्रेक.

नऊच्या सुमारास तुम्ही पाची जण एकदम खाली उतरता, चहा, सिगारेट, फोन, पंचवीस मिनिटं. ज्या टेबलांचे स्टार्टर संपलेत आणि मेन कोर्स सांगायचा की निघायचं असं चाललंय त्यांना त्या शांततेत अचानक घड्याळ दिसतं. "बिल आणा". आमचा मालक गल्ल्यावर बसतो, त्याला गाणं ऐकू येत नाही, बिल निघालेलं दिसतं. तुमची गाणी चांगली की वाईट हे त्याला आयुष्यात कळणार नाही, पण साडेनऊला भरलेली टेबलं तो मोजतो.

म्हणून सगळ्यांनी एकदम उतरू नका. कीबोर्ड आणि एक सिंगर वर ठेवा, तिघं खाली, मग बदली. मालकाला दोघांचा बँड पाहिजे ना, तो त्याला ब्रेकमध्ये द्या, फुकट. आवाज कमी, जुनी गाणी, लोक जेवत बसतात.

रविवारचं तर वेगळंच. दुसऱ्या दिवशी पोरांची शाळा, फॅमिली साडेनऊला उठते. रविवारी साडेसातला सुरू करण्यात अर्थ नाही, साडेसहाला करा. आणि रविवारी पाच जण लागत नाहीत हे माझं मत, शिव्या द्या पण खरं आहे.

कॅप्टनशी दोस्ती ठेवा. शेवटचं जेवण कुणाला काय मिळतं ते मालक ठरवत नाही.


कीबोर्डवाला_सोलापूर:

सगळ्यांना थँक्यू, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. काल आधी पोरांना बोलावलं, सातरस्त्यावर चहाला बसलो, सगळं सांगितलं. गिटारवाला थोडा वेळ गप्प होता मग म्हणाला रविवार मला नकोच होता, मुलगी लहान आहे. ऑक्टोपॅडवाला मात्र चिडला, अजून चिडलेलाच आहे, त्याचं म्हणणं चार हजाराचा फोन आला तेव्हाच तू नाही का म्हणाला नाहीस. त्याचं पण बरोबर आहे.

मग मालकाकडं गेलो. कॅप्टनभाऊंची ब्रेकची गोष्ट सांगितली तेव्हा पहिल्यांदा त्याने मोबाईल खाली ठेवला. ठरलं ते असं: शनिवारी पाची जण सात ते दहा, साडेसात हजार. रविवारी साडेसहा ते साडेनऊ तिघं, कीबोर्ड-ऑक्टोपॅड-गायिका, साडेचार हजार, ट्रॅक नाही. ताईंचं ने-आण हॉटेलच्या खर्चाने, सोडायला ऑक्टोपॅडवाला, तो त्यांच्याच बाजूला राहतो. ३१ डिसेंबरचं विचारल्यावर "बघू की, लांब आहे अजून" म्हणाला, म्हणजे तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलायलाय असं मला वाटतंय. आयपीआरएस विचारलं. घसा खाकरला 😄

दोन गोष्टी राहिल्या. छोटे चार स्पीकर घ्यायला तो तयार नाही, म्हणतो आहेत ते वापरा. आणि बापू, मीटर घेऊन गेलो होतो, जनरेटरवर २६५ दाखवत होतं. एवढं चालतं का?


साउंडवाला_बापू:

नाही चालत!! लावू नको काहीच. ॲडाप्टरवर बघ, १०० ते २४० लिहिलेलं असेल, २६५ वर तो आज मरणार नाही पण शनिवारी मरेल. मालकाला सांग जनरेटरवाल्याकडून व्होल्टेज सेट करून घे, बटण असतं त्याला, दहा मिनिटांचं काम आहे, तोवर स्टॅबिलायझर लाव. आणि टॉप आहेत तेच वापरायचे असतील तर निदान एक स्टेजवरून उचलून मागच्या बाजूला ने, वायर वीस मीटरची लागेल, माझ्याकडं आहे, शनिवारी दुपारी घेऊन जा आणि सोमवारी आणून दे, मंगळवारी मला बार्शीला लागणार आहे.